सासऱ्यांच्या ढोलकीचा आकडा

मला आकडा लागतो. ‘साधारण’ हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं सणकतं. पाहुणे साधारण किती वाजता येतील, डाळीत पाणी साधारण किती, चिखलोलीचं स्टेशन साधारण कधी होईल, असल्या प्रश्नांना मी उत्तरच देत नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मशीनचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी ते मोजतो. मापात बसला तर हिरव्या ट्रेत, नाही बसला तर लाल ट्रेत. लाल ट्रेपुढे कुणाची वशिलेबाजी चालत नाही. सोळा वर्षं हेच करून मी माणसंसुद्धा हिरव्या-लाल ट्रेत टाकायला लागलोय, असं बायकोचं म्हणणं आहे. तिला कुठल्या ट्रेत टाकलंय हे मी अजून सांगितलेलं नाही. संसार टिकवायचा असतो.

पहिली पाळी संपवून चार वाजता चिखलोलीच्या घरी आलो की मी लॅपटॉप उघडून गाणी बनवतो. कुणी कबुतरं पाळतं, कुणी लॉटरीचे आकडे लावतं, मी लूप गोळा करतो. लूप म्हणजे वाजवण्याचा चार-आठ सेकंदांचा तुकडा. तो एकामागे एक जोडत गेलं की अर्धा तास वाजतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वादक दमतच नाही. पण दोन लूप एकत्र वाजवायचे तर दोघांची चाल एक पाहिजे. एका मिनिटात किती ठोके, हा तो आकडा. याला आमच्यात टेम्पो म्हणतात. आमच्या सोसायटीत टेम्पो म्हटलं की लोक विचारतात, कुठलं सामान हलवताय.

हा आकडा सॉफ्टवेअर स्वतःहून सांगतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. एकच तुकडा त्याला दिला तर आज बावन्न म्हणेल, उद्या दोनशे आठ. त्याचं चुकत नाही म्हणा. टाळी प्रत्येक ठोक्याला द्यायची, एकाआड एक द्यायची की एका ठोक्यात दोन द्यायच्या, हे त्याला कळत नाही. म्हणून मी हातानं काढतो. सोळा ठोके मोजायचे, त्यांना सेकंद किती लागले ते बघायचं, सोळाला साठनं गुणून त्या सेकंदांनी भागायचं. दोन दशांशापर्यंत आकडा येतो आणि मनाला कशी शांती मिळते.

या छंदाबद्दल माझ्या सासऱ्यांचं मत तीन शब्दांचं होतं. ते आमच्याकडे यायचे, मी कौतुकानं नवीन काहीतरी लावायचो, ते अर्धा मिनिट ऐकायचे आणि म्हणायचे, “आवाज कमी करा.” कधी रागानं नाही. पंखा कमी करा म्हणावं तसं.

सासरे स्वतः ढोलकीवाले. देशावरून अंबरनाथला कारखान्यात कामाला आले आणि इथल्या गायन पार्टीत तीस वर्षं वाजवत राहिले. जयंतीचे कार्यक्रम, बारशी, लग्नं, हळदी. कल्याणपासून पार कर्जतपर्यंत त्यांच्या ढोलकीला मान होता. त्यांना मी एकदा विचारलं होतं, “मामा, तुम्ही लय कशी धरता?” आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. ते म्हणाले, “समोर बघायचं.” मी म्हटलं, “समोर काय असतं?” ते म्हणाले, “माणसं असतात.” आता याच्यातून आकडा कसा काढायचा, सांगा. मी विषय सोडून दिला.

माझ्या गाण्यांना त्या घरात एकच श्रोता मिळाला होता, सासूबाई. त्या हौसेनं माझा मोठा हेडफोन डोक्यावर चढवायच्या, अंबाडा सांभाळत, आणि डोळे मिटून मान डोलवायच्या. मान ठोक्याच्या जरा मागून यायची. मी मनात म्हणायचो, मामींना लयीचं अंग नाही, पण माणूस गोड आहे. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यानंतर सासरे फार बोलायचे नाहीत, पण वाजवायचे. गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताची बोटं मात्र काही वळेनात. ढोलकी त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून खिळ्याला टांगून ठेवली. रोज सकाळी तिच्यावरची धूळ डाव्या हातानं झटकायचे.

आणि नेमकं त्याच वर्षी मेव्हणीचं लग्न ठरलं. मुलगा सोनिवलीचा, चांगला. मेव्हणी माझ्या बायकोहून तेरा वर्षांनी लहान. बदलापूरला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि सुट्टीच्या दिवशी येऊन माझं पिते. सासऱ्यांनी दोन्ही लेकींना लहानपणीच शब्द दिला होता की तुमच्या हळदीला बाहेरचा वादक येणार नाही, मी वाजवणार. माझ्या बायकोच्या हळदीला बारा वर्षांपूर्वी त्यांनी तो पाळला. आता धाकटीची पाळी, आणि हात नाही.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना मेव्हणी माझ्यासमोर येऊन बसली. “दाजी, माझ्या हळदीला बाबांचीच ढोलकी वाजली पाहिजे. बाबा म्हणतात डीजे लावा. डीजे लागला तर मी हळद लावून घेणार नाही. पिवळी न होताच उभी राहीन लग्नाला.”

“मी काय करू? त्यांच्या हातात बसून वाजवू?”

“ते लूप का काय ते करता ना दिवसभर? मग करा की.” असं म्हणून तिनं एक जुना मोबाईल टेबलावर ठेवला. ताईच्या हळदीत तेरा वर्षांची ही कार्टी नवीन मोबाईल घेऊन सगळ्यांच्या तोंडासमोर फिरत होती. त्यातलं एक रेकॉर्डिंग शिल्लक होतं. नुसता आवाज, चित्र नाही.

मी ऐकलं. बायका गात होत्या, हसत होत्या, मध्येच कुणीतरी हळदीचं ताट पाडलं आणि ते स्टीलचं ताट फरशीवर गरगरत बसलं. पण त्या ताटाच्या आधी आणि नंतर मिळून अडीच मिनिटं अशी होती की गाणं थांबलेलं, बायका नाचायच्या थांबलेल्या नाहीत, आणि नुसती ढोलकी चाललेली. काय वाजवत होता माणूस. मी त्या हळदीला नव्हतो. नवरदेवाला नवरीच्या हळदीला कोण नेतं? त्या वेळी मी माझ्या घरी बनियनवर पिवळा होऊन बसलो होतो. त्यामुळे सासऱ्यांची ती ढोलकी मी बारा वर्षांनी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला.

लगेच कामाला लागलो. पहिले सोळा ठोके मोजले, नऊ पूर्णांक दोन सेकंद. आकडा आला एकशेचार पूर्णांक पस्तीस. सॉफ्टवेअरमध्ये तो भरला आणि शेजारी टिकटिक लावली. सासऱ्यांची ढोलकी त्या टिकटिकीवर अशी बसली की मी उठून स्वतःसाठी चहा टाकला. दुसरे सोळा बरोबर. तिसरे सोळा बरोबर. चौथ्या सोळाला ढोलकी मागे पडली. टिकटिक पुढे गेली आणि ढोलकी आरामात मागून आली, जशी काही घाई कुणालाच नाही. मी मोजलं. नऊ पूर्णांक नऊ सेकंद. आकडा शहाण्णव पूर्णांक सत्त्याण्णव.

चहा गार झाला. पुढे बघितलं तर पाचवे, सहावे, सातवे पुन्हा ठीक आणि आठवे पुन्हा ढिले. बारावे ढिले. सोळावे ढिले. एकदा झाली तर चूक म्हणता येते. दर चौथ्या वेळेला झाली तर आमच्या खात्यात त्याला मशीनचा दोष म्हणतात आणि वर चिठ्ठी लावतात. मी मनातल्या मनात चिठ्ठी लावली, ‘हात थकतो’.

असा माल मी पुढे जाऊ देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, प्रत्येक ठोका उचलून जवळच्या रेघेवर नेऊन बसवायचा. शाळेत प्रार्थनेला मुलं ओढून सरळ करतात तसं. तीन संध्याकाळी बसून मी सासऱ्यांचे सगळे ठोके सरळ केले. तो ताटाचा आवाज कापून फेकून दिला. एकशेचार म्हणजे एकशेचार, एका केसाचा फरक नाही. वर बँजो घातला, खाली बेस घातला. माझ्या मते ते माझं आजवरचं सर्वांत स्वच्छ काम होतं.

रविवारी सगळे सासऱ्यांकडे जमलो. त्यांचं घर शिवमंदिराकडे, चाळीत, खालच्या मजल्यावर. मी स्पीकर लावला, सासऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि फाईल सुरू केली. मेव्हणी टाळ्याच वाजवायला लागली. सासरे शेवटपर्यंत ऐकत राहिले. आवाज कमी करा म्हणाले नाहीत. माझी छाती फुगली.

मग म्हणाले, “छान आहे. वाजवतंय कोण?”

“मामा, तुम्हीच की.”

“नाही,” ते म्हणाले.

इथे शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. बायको डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, पण मी तेव्हा स्क्रीनकडे बघत होतो. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, मूळ रेकॉर्डिंगच्या रेघा उघडल्या आणि बोटानं दाखवत सुटलो. “हे बघा मामा. इथं तुम्ही एकशेचार आहात. इथंपण. आणि हे बघा, दर चौथ्या वेळेला मागे पडता. हात थकत असणार. तेवढं मी सरळ करून घेतलंय.”

ज्या माणसाचा हात गेलाय त्याला मी सांगत होतो की हात होता तेव्हाही तो थकत होता. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सासरे त्या रेघांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तेव्हा ती लय बरोबर होती.”

“मामा, मशीन खोटं बोलत नाही.”

“मशीनला काय विचारायचं? ते तिथं नव्हतं,” ते म्हणाले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, उठले, खिळ्यावरची ढोलकी डाव्या हातानं काढली आणि स्टुलावर चढून माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागे ठेवून दिली. त्या पायानं स्टुलावर चढले. आम्ही तिघं धावलो तर हात झिडकारला. खाली उतरून म्हणाले, “डीजे लावा.”

त्यानंतरचा आठवडा माझ्या घरी दुधीचा आठवडा होता. सोमवारी दुधी, मंगळवारी दुधीची डाळ, बुधवारी दुधीची साल भाजून चटणी. बायको रागावली की बोलत नाही, शिजवते. मेव्हणीचा मोबाईलवर एका ओळीचा निरोप आला, ‘दाजी, हळद रद्द’. पोरगी हट्टाची पक्की आहे, केलं असतं तिनं. आणि सासरे म्हणे दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. धूळ झटकायला खिळ्यावर काही उरलं नव्हतं.

गुरुवारी मी ताट सारलं. “मी काय चुकीचं बोललो? आकडा आहे माझ्याकडे. मागे पडत होते ते.”

बायको शांतपणे म्हणाली, “तुम्ही होतात का त्या हळदीला?”

“नव्हतो.”

“मग तुमच्या त्या डब्यासारखेच तुम्ही. बाबांची लय चुकली असं आजवर कुणी म्हटलं नाही. बघायचंय तर व्हिडिओ बघा.”

बघतोच म्हटलं. आमच्या लग्नाच्या व्हिडिओची डीव्हीडी कपाटात होती, पण ती चालवायला घरात काही उरलं नव्हतं. शनिवारी अर्धी सुट्टी टाकून उल्हासनगरला गेलो. तिथे एक सिंधी दुकानदार आहे, माझ्या सगळ्या वायरी, हेडफोन त्याच्याकडचे. डीव्हीडी ड्राइव्ह मागितल्यावर तो हसायला लागला. “साईं, आजकल ये दो ही आदमी लेने आते हैं. एक, जिसको शादी देखनी है. दूसरा, जिसको शादी कोर्ट में दिखानी है. आपका कौनसा केस है?”

“अभी तो पहला है,” मी म्हटलं. “शाम तक पता चलेगा.”

घरी येऊन डीव्हीडी लावली. त्या काळी व्हिडिओवाले लग्नाचं काय करायचे, आठवतं का? पडद्यावर आधी कमळ उमललं, त्यातून माझी बायको निघाली. मग बर्फाचे डोंगर आले आणि त्यांच्यासमोर मी, सूट घालून, ज्या सुटात मी कधी डोंगर काय, टेकडीही चढलेलो नाही. हळदीचा भाग आला तर व्हिडिओवाल्यानं मूळ आवाज पूर्ण पुसून वर सिनेमातली गाणी घातलेली. बायका एका चालीवर नाचतायत, गाणं दुसऱ्याच चालीचं. त्यात मध्ये मध्ये वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मला चीड आली. माझ्याकडे चित्राशिवाय आवाज होता आणि याच्याकडे आवाजाशिवाय चित्र.

आणि मग पाकळ्यांच्या मधून मला एक ताट पडताना दिसलं. बायकोच्या मावशीच्या हातातून, स्टीलचं, गरगर फिरत. मी जे कापून फेकलं होतं तेच.

दोन रेकॉर्डिंग जुळवायला एक खूण पुरते. मी जुना मोबाईल काढला, मूळ आवाज घेतला, व्हिडिओचं गाणं बंद केलं आणि ताटाच्या आवाजावर ताटाचं पडणं नेऊन बसवलं. मग थोडं मागे जाऊन दोन्ही एकत्र चालवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या बायका आपापल्या ढोलकीवर नाचल्या. बायको भाजी निवडत होती, ती आवाज ऐकून ताट घेऊन मागे येऊन उभी राहिली.

सात-आठ बायकांचं कडं होतं. तीन वेळा पुढे जायचं, चौथ्या वेळेला गिरकी घेऊन वळायचं, पुन्हा तीन वेळा पुढे. कड्यात सासूबाई होत्या. हिरवी साडी, कपाळाला हळद, लेकीच्या लग्नाचा आनंद तोंडभर. पुढे जाताना त्या सगळ्यांच्या बरोबरीनं जात होत्या. चौथ्या वेळेला बाकीच्या बायका गर्रकन वळल्या आणि सासूबाईंनी शेजारणीच्या खांद्यावर हात टेकला, उजवा पाय जपून उचलला आणि हळूहळू वळल्या. ढोलकी थांबली त्यांच्यासाठी. थांबली म्हणजे बंद नाही पडली, ठोके जरा लांबले, एवढंच. बायका वळून तयार होत्या, पण पुढचा ठोका काही पडेना, सासूबाईंचा पाय जमिनीला लागेपर्यंत. पाय टेकला, ठोका पडला आणि कडं पुन्हा एकशेचारनं पुढे निघालं.

कोपऱ्यात सासरे बसले होते, ढोलकी मांडीवर. इकडे तिकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली होती, हिरव्या साडीच्या काठावर.

मी पुन्हा लावलं. आठवी वेळ, सासूबाईंचा पाय. बारावी वेळ, सासूबाईंचा पाय. सोळाव्या वेळेला त्या दमल्या होत्या, पाय टेकायला जास्तच वेळ लागला. माझ्या वहीत सोळाव्या वेळेचा आकडा सगळ्यांत कमी होता, त्याच्याखाली मी लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या.

बायको मागून म्हणाली, “आईचा गुडघा.” मग ती तिथेच खाली बसून रडली. मीही रडलो, लपवत नाही. मला फार लाज वाटली. नवऱ्यानं अख्ख्या मांडवासमोर बायकोला सांभाळून घेतलं, असं की तिला कमीपणा येऊ नये आणि कुणाला कळूही नये. आणि मी त्यातला तेवढाच भाग वेचून वेचून सरळ केला होता, वर त्यांना नेऊन दाखवला होता. ते तरी काय सांगणार होते? जावयासमोर कुठला सासरा म्हणेल की मी हिच्या पायाकडे बघून वाजवत होतो?

रात्रीच्या जेवणाला भेंडी होती. म्हणजे मला माफी मिळाली होती, पण मेव्हणीच्या हळदीला आता चारच दिवस होते.

सरळ केलेली फाईल मी उडवून टाकली. मूळ ढोलकी घेतली, ताटासकट. अडचण अशी की ही ढोलकी टिकटिकीवर बसत नाही, मग माझा बँजो आणि बेस तिच्याबरोबर चालणार कसे? त्यालाही सॉफ्टवेअरमध्ये उपाय आहे, मी तो कधी वापरला नव्हता. रेकॉर्डिंगमधल्या प्रत्येक ठोक्यावर हातानं खूण करायची आणि मशीनला सांगायचं, ही तुझी पट्टी. मग मशीनची पट्टीच ठोक्यांप्रमाणे लांब-आखूड होते आणि बाकीची वाद्यं तिच्यामागे चालतात. सोळा वर्षं मी माल पट्टीला बसवत आलो, पट्टी मालाप्रमाणे वाकवायची ही पहिलीच वेळ. आमच्या साहेबांना कळलं असतं तर त्यांनी मलाच लाल ट्रेत टाकलं असतं. चार दुपारी मी खुणा करत होतो. चौथ्या वेळेला खूण करताना माझा हात आपोआप जरा थांबायला लागला.

मेव्हणीला एवढंच कळवलं, ‘हळद लावून घे’. सासऱ्यांकडे माफी मागायला गेलो तर ते बोलूच देईनात. “डीजे सांगितला का?”

“सांगितला.”

“कुठला आहे?”

“चिखलोलीचा,” मी म्हटलं. खोटं नव्हतं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी चाळीसमोर मांडव पडला. सासरे कडेला खुर्ची टाकून बसले, तोंड रस्त्याकडे करून, म्हणजे डीजेशी आपला संबंध नाही हे सगळ्यांना कळावं. मेव्हणी पाटावर पिवळी होऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात धमकी होती. मी बटण दाबलं.

ढोलकी वाजायला लागली तशी चाळीतल्या म्हाताऱ्या बायका आधी उठल्या. त्यांना ती ढोलकी ओळखायला दोन ठोके पुरले. कडं झालं, तरण्या पोरी घुसल्या, नवरदेवाकडून हळद घेऊन आलेली सोनिवलीची पोरं घुसली. तीन वेळा पुढे गेले आणि चौथ्याला अर्धं कडं एकमेकांवर आपटलं. तरण्यांना तो थांबा माहीत नव्हता. सोनिवलीचा एकजण लॅपटॉपजवळ येऊन मला म्हणाला, “दादा, गाना अटकतोय तुमचा. नेट स्लो आहे का?”

“नेट नाहीये,” मी म्हटलं. “नाच तू. कळेल.”

आठव्या वेळेला त्यातले निम्मेच आपटले. बाराव्या वेळेला मेव्हणी पाटावरून उठली. हळदीच्या अंगानं उठायचं नसतं म्हणून बायका ओरडल्या, पण ती कड्यात शिरली. एका म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला, उजवा पाय जपून उचलला आणि हळूहळू वळली. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. तेरा वर्षांची होती तेव्हा मोबाईल धरून आईच्या मागे मागे फिरत होती, तिला सगळं पाठ होतं. कडं तिच्यासाठी थांबलं आणि तिचा पाय टेकल्यावर अख्खं एकदम पुढे निघालं, कुणी कुणावर आपटलं नाही.

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांची खुर्ची आता मांडवाकडे वळलेली होती. डावा हात मांडीवर ठोके देत होता, उजवा नुसता ठेवलेला होता. चौथी वेळ आली की हात स्पीकरच्या आधी थांबायचा आणि बरोबर त्याच्याबरोबर पडायचा. मी कडेनं जाऊन त्यांच्याजवळ उकिडवा बसलो.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “काय जावईबापू. आकडा किती आला?”

“आकडा नाही आला, मामा,” मी म्हटलं. “मामी वळेपर्यंत थांबायचं, एवढंच आलं.”

सोळावी वेळ आली, ती सगळ्यांत लांब होती. सासऱ्यांचा हात वर थांबला, थांबला, आणि मग खाली आला.

“गुडघा दुखायचा तिचा,” ते म्हणाले. मग डोळे पुसले आणि स्पीकरकडे मान करून म्हणाले, “आवाज वाढवा.”